डिझेलपुरती जागा

डिझेलला पुरायला खड्डा खणायचा ठरला, तेव्हा लक्षात आलं की डेपोत माती शिल्लक नाही.

खांद्यावर कुदळ टाकून मास्तर सगळं आवार फिरून आले. पूर्वी जिथे तेलकट, काळी, पण माती म्हणता येईल अशी माती होती, तिथे आता काँक्रीट होतं. काँक्रीटमधून चार्जिंगचे पांढरे खांब वर आले होते, माणसाच्या उंचीचे, प्रत्येकाच्या कपाळावर एकेक हिरवा दिवा. भर उन्हातही ते दिवे चालू असत आणि आपल्याकडेच बघताहेत असं वाटत राही. नव्या आराखड्यात सगळ्याची सोय केलेली होती. मेलेल्या कुत्र्याची तेवढी राहून गेली होती. शेवटी मागच्या भिंतीपलीकडे, इंधनाची जुनी टाकी उपसून काढली होती तिथला खड्डा अर्धवट बुजवलेला सापडला. तिथल्या वास मारणाऱ्या मातीत डेपोतलं शेवटचं डिझेल गेलं. हा विनोद गाड्या धुणाऱ्याने केला. हसलं कोणी नाही, पण संध्याकाळपर्यंत तो प्रत्येकाने एकेकदा करून घेतला.

डिझेल हा काळा, कायम ओशट आणि स्वतःला डेपोचा कायम कर्मचारी समजणारा कुत्रा होता. काम एकच, उभ्या गाडीखाली किंवा गाडीमागे सावलीला झोपणं, आणि ते तो कर्तव्यदक्षतेने करी. इंजिन सुरू झालं की त्याला जाग येई, मग तो आळस देई आणि चाकांमधून वाट काढत दुसऱ्या गाडीखाली बदलीवर जाई. त्याच्यासाठी कोणी ड्रायव्हर कधी वाकून बघत नसे. गाडी गुरगुरली की डिझेल उठणार, हे ठरलेलं होतं. नवी गाडी गुरगुरली नाही. पायलटने बटण दाबलं, गाडी पुढे गेली, आणि एवढंच झालं.

पायलट हा तरणा ड्रायव्हर. बस जमिनीवरून चालवायची असते हे त्याला मनापासून मान्य नव्हतं, म्हणून ते नाव. त्या दिवशी मात्र तो धुण्याच्या ओट्यावर पाय खाली सोडून बसला होता आणि स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता.

"झोपेत होता," तो म्हणाला. "ओरडलासुद्धा नाही. माझे कान चांगले आहेत हो मास्तर. ओरडला असता तर मी ऐकलं असतं."

कुदळीला लागलेली माती मास्तर ओट्याच्या कडेवर झटकत राहिले. चांगल्या कानांविषयी त्यांना त्या दिवशी बोलायचं नव्हतं.

पायलटनेच मग सगळ्यांच्या मनातली गोष्ट काढली. "दाजींना कोण सांगणार?"

दाजी प्रशिक्षणाला परगावी गेले होते. डिझेल खरा त्यांचा. रोज डब्यातला शेवटचा घास त्याला घालून मग ते हात धूत. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकमताने ठरवलं की दाजी आले की हळूच, वेळ बघून, मास्तर सांगतील. मास्तर हो म्हणाले. दाजींना काय सांगायचं आणि काय नाही हे ठरवण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती.

इलेक्ट्रिक गाड्या आल्यापासून डेपोत शांतता नांदत होती आणि ती कोणालाच मानवत नव्हती. पूर्वी इंजिनांच्या घरघरीत माणसं एकमेकांविषयी मोकळेपणाने बोलत. आता बोललेलं ऐकू जाऊ लागलं आणि जन्माच्या दोस्त्या पंधरवड्यात आटोपल्या. चहावाला वर्षानुवर्षं ठणाणा करत फिरायचा, तो आता कानाशी येऊन 'चहा' असं कुजबुजायचा, जणू काही चोरीचा माल विकतोय. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण डेपोतली माणसं बघून चालत नसत, ऐकून चालत. कुठली गाडी कुठून येते आहे, मागे सरते आहे की वळते आहे, हे पाठीला कळायचं, डोळे हातातल्या कामावर असायचे. आता माणसं चालता चालता थबकत, मान मागे वळवत, आणि मागे गाडी असे. नुसती असे. केव्हा आली, किती वेळ उभी आहे, काही पत्ता नाही. धुणाऱ्याच्या कोपराला एकदा आरसा चाटून गेला. तो दिवसभर ते कोपर दुसऱ्या हातात धरून हिंडला.

मॅनेजरसाहेबांनी बैठक घेऊन सांगितलं की गाड्यांना आवाज बसवण्याचं वरच्या पातळीवर तत्त्वतः मान्य झालं आहे. कोणता आवाज बसवायचा यावर समिती नेमली आहे. तोवर सर्वांनी बघून चालावं. एवढं बोलून ते फोनमध्ये बघत आवार ओलांडून आपल्या खोलीत गेले.

दाजी हे मास्तरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे नात्याने एकट्या मास्तरांचे दाजी. पण मास्तरांनी तशी हाक मारलेली ऐकून ऐकून साऱ्या डेपोने त्यांना दाजी करून टाकलं होतं. एकाच गाडीवर दाजी ड्रायव्हर आणि मास्तर कंडक्टर, अशी ही जोडी डेपोत कौतुकाची होती. दाजींचा शांतपणा तर वाखाणलेला. उतारूंनी शिव्या घातल्या, मागच्या ट्रकवाल्याने सात पिढ्या उद्धरल्या, तरी हा माणूस मान वळवत नसे. सौजन्याबद्दल एकदा त्यांचा सत्कार झाला होता. नाव पुकारलं तेव्हाही ते शांतच बसून राहिले होते. मास्तरांनी कोपराने ढोसलं तेव्हा उठले. लोकांनी त्या विनयाबद्दल वेगळ्या टाळ्या वाजवल्या.

दाजींना ऐकू येत नव्हतं. आधी एका कानाचं गेलं, मग दुसऱ्याचं, हळूहळू, रंग उडावा तसं. हे तिघांनाच ठाऊक होतं: दाजींना, ताईला आणि मास्तरांना. दाजी समोरच्याचे ओठ वाचत. चारजण हसले की तेही हसत, किंचित उशिरा; लोकांना वाटे, विनोद मुरवून घेतात. गाडी मात्र ते उत्तम चालवत. इंजिनाची नाडी त्यांना तळपायातून आणि पाठीतून कळे. घंटीची दोरी ओढताना मास्तर दाजींच्या आसनामागच्या पत्र्यावर टाच आपटत. दोनदा म्हणजे चला, एकदा म्हणजे थांबा. उतारूंना वाटायचं, या कंडक्टरला गाण्याचा नाद आहे. डेपोत गाडी मागे घेताना तर अडचणच नव्हती, कारण तिथे सगळेच मागच्या पत्र्यावर थापा मारत. दोन थापा, येऊ द्या. एक थाप, बस. ती थाप लोखंडातून सरसरत पुढे जाई आणि दाजींच्या माकडहाडाला पोचे.

एकाचे कान आणि दुसऱ्याचे हात मिळून एक धडधाकट ड्रायव्हर होत होता, आणि त्याने आजवर कोणाला साधं खरचटू दिलं नव्हतं. मास्तर रात्री अंथरुणावर पडले की स्वतःला हे सांगत. सांगितलं की झोप लागे.

नव्या गाड्यांना कंडक्टर नव्हता. दारातच यंत्र होतं, उतारूने त्यातून तिकीट घ्यायचं. मास्तरांना नियंत्रण कक्षात एक फिरती खुर्ची देण्यात आली होती. तिच्यावर बसून त्यांनी नकाशावर सरकणारे ठिपके बघायचे होते. दाजी आता एक ठिपका होणार होते.

खरं तर दाजींना नवी गाडी मिळालीच नसती. त्यासाठी कानांची तपासणी होती. कंपनीच्या डॉक्टरांनी उपाहारगृहात, फळ्यांच्या जुन्या व्यासपीठावर टेबल मांडलं होतं. एकेका ड्रायव्हरच्या कानांवर हेडफोन लावायचे, आत बारीक आवाज सोडायचे, आणि ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. डॉक्टरांच्या पेटीवर आवाजासरशी एक बारीक दिवा लुकलुकत होता. रांग सांभाळायला मास्तरांना उभं केलं होतं, नेमकं खुर्चीच्या मागे. दाजी खुर्चीत बसले. दिवा लुकलुकला. मास्तरांची टाच फळीवर पडली. दाजींनी बोट वर केलं.

मास्तरांनी ठरवून काही केलं नव्हतं. उलट त्यांनी ठरवलं होतं की आज होऊ द्यायचं ते होऊ द्यायचं. नापास झाले तर दाजींना बैठं काम मिळेल, सुटलो. पण टाच विचारून पडत नाही. दिवा लागला की ती पडत होती, शेवटपर्यंत. डॉक्टर खूश झाले. या वयात असे कान आपण पाहिले नाहीत म्हणाले. मागे रांगेत चांगल्या कानांची दोन पोरं भटारखान्यातल्या भांड्यांच्या आवाजामुळे नापास झाली. मॅनेजरसाहेबांनी दाजींचा खांदा थोपटला आणि जाहीर केलं की एवढा शांत ड्रायव्हर आणि एवढी शांत गाडी, यांचा जोडा जमला. उद्घाटनाची गाडी यांनाच द्या. शाळेच्या मार्गावरची.

त्या रात्री मास्तरांनी अंथरुणावर स्वतःला नेहमीचं सांगून पाहिलं, पण झोप लागली नाही.

उद्घाटन थाटात झालं. मागच्या भिंतीपाशी, कोपऱ्यातल्या जागेत नवी कोरी गाडी उभी केली होती. पाहुण्यांनी लाल फीत कापली आणि तिचा एक तुकडा धुणाऱ्याने गंमत म्हणून डिझेलच्या गळ्यात बांधला. डिझेल मान न उचलता भिंतीच्या कडेला, गाडीच्या मागेच झोपून राहिला. पाहुणे आत चढले. ड्रायव्हरपुढच्या पडद्यावर गाडीच्या मागचं सगळं दिसतं, हे कंपनीच्या इंजिनिअरला त्यांना दाखवायचं होतं. पण पडदा लागायचा तो मागचा गिअर टाकल्यावर, आणि गाडीच्या मागच्या कोपऱ्यांना खेटून तर निम्मे निमंत्रित उभे. तेव्हा त्याने कसलीशी कळ फिरवून मागच्या कॅमेऱ्यातलं एक चित्र पडद्यावर धरून ठेवलं. पाहुण्यांनी वाकून बघितलं.

"अरे वा, कुत्रासुद्धा दिसतो," ते म्हणाले.

टाळ्या झाल्या. इंजिनिअर कृतकृत्य झाला आणि संध्याकाळच्या गाडीने पुढच्या उद्घाटनाला गेला. ती बस तिथेच झाकून ठेवली, दाजी प्रशिक्षणाहून येईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी दाजी परगावी गेले. आणि त्याच आठवड्यात, दुसऱ्या गाडीखाली, डिझेल.

डिझेलला पुरून मास्तर तडक कर्मचाऱ्यांच्या चाळीत ताईकडे गेले. चाळ डेपोला लागूनच होती, नोकरी तोवर खोली. ताई खिडकीशी बसून दाजींच्या नव्या सदऱ्याची बटणं पक्की करत होती. कंपनीने दिलेली बटणं दोन दिवस टिकत नाहीत, असं तिचं निरीक्षण होतं. भावाच्या पायांवरची माती बघून तिने विचारलं, आणि मास्तरांनी कुत्र्याचं सांगितलं. मग, बसायच्या आतच, उरलेलंही सांगून टाकलं. सोमवारी पहिली फेरी आहे. त्याआधी मी साहेबांना सांगणार आहे.

ताईने दोरा दातांनी तोडला. "काय सांगणार? ह्यांना ऐकू येत नाही, की तू इतकी वर्षं खोटं वागलास?"

"दोन्ही."

"म्हणजे दोघंही घरी. आणि आम्ही ही खोलीही सोडायची." हे ती रागाने म्हणाली नाही. मीठ संपलंय म्हणावं तशी म्हणाली.

मास्तरांनी तिला समजावून पाहिलं. आता आपण गाडीत नसणार. गाडी थरथरत नाही, तळपायाला काही कळायचं नाही. आणि मार्ग शाळेचा आहे. पोरं गाडीच्या पुढेमागे करतात, एकमेकांच्या टोप्या पळवतात.

ताई ऐकत होती. सदरा तिने मांडीवर पसरला आणि तळहाताने त्याच्या नसलेल्या सुरकुत्या काढू लागली.

"कुत्रं कोणी मारलं?" तिने विचारलं. "चांगल्या कानाच्या माणसाने ना? ह्यांना ऐकू येत नाही म्हणून हे बघतात. तुमच्या डेपोत आता बघून चालणारा एवढा एकच माणूस आहे."

खोटं नव्हतं ते. पुढे तीच म्हणाली, आवाज खाली करून, तसं करायची त्या घरात काही गरज नसताना, "जायच्या आदल्या रात्री म्हणत होते, नवी गाडी माझ्यासारखीच आहे, गप्प. जमेल आमचं. असं कितीतरी दिवसांनी हसून बोलले." मग तिने सदऱ्याची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. "सांगायचं तर सांग. पण मला विचारून सांगितलंस असं म्हणू नकोस."

दाजी रविवारी रात्री उशिरा परतले, डिझेलचं त्यांना सांगायचं अजून राहिलंच होतं. सोमवारी सकाळी मास्तर मॅनेजरसाहेबांच्या खोलीकडे निघाले तेव्हा वाक्यं तयार होती. पहिलं वाक्य, साहेब, माझी चूक आहे. दुसरं जरा लांब होतं. ते मनात म्हणत ते आवाराच्या मधोमध आले आणि पाठीला कसंसं झालं म्हणून वळले. मागे गाडी होती.

हाकेच्या अंतरावरही नाही, हाताच्या अंतरावर. काचेत दाजी होते, नव्या सदऱ्यात, सगळी बटणं लावलेले. मेव्हण्याला बघून त्यांनी हात वर केला आणि खुणेने सांगितलं, एक चक्कर झाली, आता गाडी जागेवर लावून बघतो, मग निघतो. प्रशिक्षणाने त्यांचा चेहरा उजळला होता. मास्तरांनी खूण केली, थांबा, बोलायचं आहे. पण तोवर दाजींनी डावीकडच्या आरशाकडे मान वळवली होती आणि गाडी वळूही लागली होती, पाण्यावरून सरकावी तशी. चाकांखाली खडा चिरडल्याचा तेवढा एक बारीक आवाज आला.

कोपऱ्यातली जागा अवघड. एका बाजूला चार्जिंगचा खांब, मागे भिंत. मास्तरांचे पाय आपोआप गाडीच्या मागे गेले. शेवटचं एकदा, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि मग खोलीत जायचं. भिंत आणि गाडी यांच्या मधोमध उभं राहून त्यांनी मागच्या अंगावर दोन थापा मारल्या. येऊ द्या.

हाताखाली पत्रा नव्हता. फायबर होतं, किंवा असंच काही. पालथ्या प्लास्टिकच्या बादलीवर मारावं तसा पोकळ आवाज झाला आणि तिथेच विझला. गाडी येत राहिली. ती थापांमुळे येत होती की येतच होती, हे सांगता आलं नसतं. मास्तर एकेक पाऊल मागे सरले. अंदाजाने जागा पुरेशी झाली तेव्हा त्यांनी एक थाप मारली. बस.

गाडी थांबली नाही.

त्यांनी पुन्हा मारली, जोराने. मग मुठींनी. मागचा पांढरा दिवा त्यांच्या छातीशी आला. बाजूला सटकायला बघितलं तर एकीकडे खांबाची जाड केबल आडवी पडली होती आणि दुसरीकडे गाडीचा कोपरा भिंतीकडे झुकला होता. ते ओरडले. डेपो इतका गप्प होता की त्यांना स्वतःचा आवाज परका वाटला. धुणाऱ्याने नळ बंद केला. चहावाल्याच्या हातातली किटली थबकली. लांब पायलट ओट्यावरून उडी टाकून पळू लागला. सगळ्या डेपोला ऐकू गेलं. एकाला सोडून.

टाचा भिंतीला लागल्या. मग पाठ. मग डोक्याचा मागचा भाग. त्यांनी चेहरा एका बाजूला वळवला, डोळे मिटले आणि तळहात समोर धरले. तळहातांना गाडीचं अंग लागलं, थंड, गुळगुळीत. त्याने त्यांना किंचित दाबलं, एखाद्याने अंदाज घ्यावा तसं. आणि ते तिथे थांबलं.

गाडी आणि भिंत यांच्यात एक माणूस आडवा उभा राहील एवढी फट उरली होती. केबल ओलांडून मास्तर बाहेर आले तेव्हा पाठीवर भिंतीचा चुना होता. पायलट धापा टाकत समोर उभा राहिला. त्याला हातानेच बाजूला करून ते पुढच्या दारातून आत चढले.

दाजी खुशीत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, नव्या सुनेची ओळख करून द्यावी तसे ते गाडीकडे आणि मेव्हण्याकडे आळीपाळीने बघत होते.

"कशी लावली?" त्यांनी विचारलं.

मास्तर दाजींच्या समोर आले, ओठ दिसतील असे, आणि सावकाश म्हणाले, "दाजी, मी मागे होतो."

दाजींनी ते वाचलं आणि हसले. "मागे तू कुठला? मागे कोणी नव्हतं. हे बघ ना, पडदा आहे. जरा लांबचं दाखवतो, पण दाखवतो. तुझी सुटका झाली बाबा आता." मग त्यांचा आवाज मऊ झाला. ते पडद्याकडे वाकले. "हा मात्र नेमका इथेच झोपलाय. गाडीचा आवाज येत नाही ना लेकाला, उठणार कसा? मला विचार, कसं असतं ते. म्हटलं, असू दे. भिंतीला टेकवली नाही. डिझेलपुरती जागा सोडली आणि थांबलो."

मास्तरांनी पडद्याकडे बघितलं.

भिंत होती. भिंतीच्या कडेला डिझेल पाय पसरून झोपला होता. चित्राच्या एका कोपऱ्यात चकचकीत बुटाचं एक टोक आलं होतं. बाहेर सकाळ होती आणि ऊन खांबाच्या अलीकडे होतं. पडद्यावर खांबाची लांब सावली पलीकडच्या बाजूला पडली होती.

"गळ्यात फीत कोणी बांधली रे?" दाजी म्हणाले. "शोभते त्याला."

दारात मॅनेजरसाहेब आले होते. एका हातात फोन, तो या खेपेला खाली धरलेला. त्यांच्या मागे पायलट आणि धुणारा. कोण ओरडलं, साहेब विचारत होते, काय झालं, मास्तर, तुमच्या पाठीला काय लागलंय. दाजींनी साहेबांचं तोंड हलताना बघितलं, पण वाचायला वेळ मिळाला नाही. तेव्हा कोणत्याही प्रश्नाला चालणारं उत्तर त्यांनी दिलं, अंगठा वर केला. आणि म्हणाले, "तयार आहे साहेब. शाळेची वेळ झाली. निघू ना?"

मास्तरांची टाच उचलली गेली. ती खाली आली तेव्हा जाड रबराने तिला निमूटपणे पोटात घेतलं. दाजी पडद्याकडेच बघत होते.

मग मास्तरांनी पुढे वाकून पडद्यावर हात ठेवला. सगळा कुत्रा हाताखाली झाकला गेला. काच कोमट लागली, उन्हात झोपलेल्या जनावराच्या पाठीसारखी.

"साहेब," दाराकडे न वळता ते म्हणाले, "जरा वर या. आणि आधी गाडी बंद आहे का ते कोणीतरी बघा."

दाजींनी मान वर करून त्यांचे ओठ वाचले. सवयीने ते हसले. मग त्यांनी समोरच्या आरशात बघितलं, त्यात मास्तरांची पाठ दिसत होती, मानेपासून कमरेपर्यंत पांढरी. तिच्याकडे ते बघत राहिले. स्टिअरिंगवरचा एक हात त्यांनी उचलला आणि सदऱ्याचं वरचं बटण चाचपून बघितलं, आहे की नाही.